भारतातून फोन मागवावा का? लेस्टरहून एक हिशेब

सप्टेंबर उजाडला की लेस्टरमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, भाकरवडी कोण घेऊन येतंय? आणि दुसरा, ‘अमुक मॉडेलचा फोन तिकडे बराच स्वस्त आहे, कोणी येणारं आहे का?’ पहिल्या प्रश्नाला पटापट उत्तरं येतात. दुसऱ्याला मात्र चर्चेचं स्वरूप येतं, कारण प्रत्येकाकडे एक मावसभाऊ असतो ज्याने फोन मागवला आणि ‘काही प्रॉब्लेम आला नाही’.

मी पेशाने अकाउंटंट. गाव सांगली, गेली अकरा वर्षं मुक्काम लेस्टर. माझा जुना फोन या वर्षी दमला, तेव्हा मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भारतातून मागवावा, हाँगकाँगहून पाठवणाऱ्या एखाद्या वेबसाइटवरून घ्यावा, की सरळ इथल्या दुकानातून? आणि घ्यायचाच तर सॅमसंग, गूगलचा पिक्सेल, वनप्लस की विवो? त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. इथे राहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईलच, पण मुलाला शिकायला पाठवताना ‘फोन इकडून घेऊन देऊ का?’ असं विचारणाऱ्या तिकडच्या आईवडिलांनाही होईल.

आधी एक गंमत सांगतो. आमच्या लहानपणी ‘फॉरेनची वस्तू’ या शब्दालाच वजन होतं. दुबईहून कुणाचा काका आला की वॉकमन, घड्याळ, निदान चॉकलेटं तरी यायची. वस्तू नेहमी बाहेरून आत यायची. आता उलटं झालंय. सांगली-कोल्हापूरहून येणारी आई गोडा मसाला, मेतकूट आणि वनप्लस घेऊन येते! भारतातली बाजारपेठ एवढी मोठी आणि किमतीच्या बाबतीत एवढी चोखंदळ झाली आहे, की काही कंपन्या आपले उत्तम फोन तिथे ब्रिटनपेक्षा बऱ्याच कमी किमतीत विकतात. सॅमसंगचा नोएडातला मोठा कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला, बाकीच्या कंपन्यांचे फोनही आता तिथेच जोडले जातात. त्यामुळे ‘तिकडे स्वस्त’ हे वाक्य अगदीच खोटं नाही. पण ते सगळ्या फोनना लागू पडत नाही.

आता आकडे. पौंडाचा भाव वरखाली होतो, म्हणून हिशेबापुरता ११० रुपये धरतो. किमती फोन बाजारात आले तेव्हाच्या आहेत.

वनप्लस १३ जानेवारी २०२५ मध्ये आला. २५६ जीबीचा फोन भारतात ६९,९९९ रुपयांना, म्हणजे साधारण ६३६ पौंडांना. ब्रिटनमध्ये तोच ८९९ पौंडांना. फरक तब्बल २६३ पौंडांचा! इथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो आणि मावसभावाला फोन जातो. पण ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या फोनवर २० टक्के व्हॅट आहे. तो धरला की ६३६ चे ७६३ होतात. त्यात कुरिअरचं भाडं आणि कर भरून देण्याबद्दल कुरिअर कंपनी लावते ते शुल्क मिळवा. उरली बचत शंभर पौंडांच्या आसपास.

सॅमसंग गॅलॅक्सी एस२५ अल्ट्रा. भारतात १,२९,९९९ रुपये, म्हणजे ११८२ पौंड. इथे १२४९. व्हॅट लावला की भारतातला फोन १४१८ ला पडतो. म्हणजे मागवण्यात १६९ पौंडांचा तोटा.

पिक्सेल ९ प्रो, २५६ जीबी. भारतात १,०९,९९९ रुपये, म्हणजे बरोबर हजार पौंड. इथे १०९९. व्हॅटसकट भारतातला बाराशेला. पुन्हा तोटाच.

तर ‘भारतात फोन स्वस्त’ हे खरं म्हणजे ‘भारतात वनप्लस स्वस्त’ एवढंच आहे. भारतातल्या दुकानातल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आधीच बसलेला असतो, हेही आपण विसरतो. म्हणजे एकाच फोनवर तिथला जीएसटी आणि इथला व्हॅट, असा दोनदा कर. भारत-ब्रिटन व्यापार कराराने फोन स्वस्त होतील असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं. तो करार २४ जुलै २०२५ ला झाला, चांगली गोष्ट आहे. पण फोनवर ब्रिटनमध्ये कस्टम ड्यूटी आधीपासूनच शून्य आहे. आपण भरतो तो व्हॅट, आणि तो करारामुळे जात नाही. तो इथल्या दुकानातल्या फोनवरही असतोच, फक्त किमतीत मिसळलेला असल्याने दिसत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, ‘अहो, कुरिअरने कोण मागवतंय? आई येणारच आहे, पर्समध्ये टाकून आणेल.’

इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. विमानाने ब्रिटनमध्ये येणाऱ्या माणसाला सोबत आणलेल्या वस्तूंवर ३९० पौंडांपर्यंत सूट आहे. एकच वस्तू त्याहून महाग असेल तर वरच्या रकमेवर नाही, तिच्या पूर्ण किमतीवर कर लागतो. आईचे ३९० आणि बाबांचे ३९० एकत्र करून एका फोनवर लावता येत नाहीत. स्वतःचा, वापरातला फोन घेऊन येणं वेगळं. त्याला काहीच अडचण नाही. पण दुसऱ्याला देण्यासाठी आणलेला सीलबंद डबा जाहीर करायचा असतो. नाही केला आणि तपासणीत सापडला तर तो जप्त होऊ शकतो.

आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या बाबतीत हे घडलं. वय अडुसष्ट, मधुमेह, इंग्रजी जेमतेम, पहिलाच परदेश प्रवास. हीथ्रोवर बॅग उघडायला सांगितली. लाडूंच्या डब्याखाली फोनचा डबा. ‘हा कोणाचा?’ या प्रश्नाला मुलाने पढवून ठेवलेलं उत्तर, ‘माझाच आहे.’ आणि हातात दुसरा फोन! अधिकारी सभ्यपणे बोलला, कर भरून घेतला आणि जाऊ दिलं. पण बाहेर जावई वाट बघत असताना त्या बाईंनी पाऊण तास जी धास्ती काढली, ती त्या अजूनही सांगतात. आयुष्यभर शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईला आपण सव्वाशे पौंडांच्या व्हॅटसाठी खोटं बोलायला लावलं. मला हा सौदा मान्य नाही. ज्यांना फोन हवा आहे त्यांनी तो स्वतः आणावा, जाहीर करावा आणि कर भरावा. आईवडिलांच्या बॅगेत लाडूच असू द्यावेत.

उलट दिशेनेही हेच. ‘येताना आयफोन आण’ ही फर्माईश भारतात जाताना प्रत्येकाला येते. आयफोन १६ प्रो इथे ९९९ पौंडांना होता, म्हणजे आपल्या हिशेबाने १,०९,८९० रुपये. भारतात १,१९,९००. दहा हजार वाचतात असं वाटतं. पण तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या भारतीय बॅगेज नियमांनुसार ५०,००० रुपयांपर्यंत सूट होती आणि त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के ड्यूटी लागायची. म्हणजे आणखी तेवीस हजार. दहा वाचवायला तेवीस घालवायचे! पूर्वी पर्यटक म्हणून आलेल्या पाहुण्याला इथून परत जाताना व्हॅट परत मिळायचा, तीही सोय ब्रिटनने २०२१ पासून बंद केली. तेव्हा पुतण्याला प्रेमाने सांगा, ‘पुण्यात घे, बिल आणि वॉरंटी दोन्ही हातात राहील.’

तिसरा मार्ग वेबसाइटचा. नावात ‘युके’, किमती पौंडात, आणि माल हाँगकाँगहून. अशा काही विक्रेत्यांची एक चाल म्हणजे पार्सलवर किंमत कमी लिहायची किंवा ‘गिफ्ट’ लिहायचं. गिफ्टवरची सूट फक्त ३९ पौंडांपर्यंत आहे, तेव्हा हजार पौंडांच्या फोनला तिचा काही उपयोग नाही. आणि पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मागता येणार.

पण पैशांपेक्षा मोठा मुद्दा नेटवर्कचा आहे, आणि त्याबद्दल ग्रुपवर सर्वांत कमी बोललं जातं.

इव्हिंग्टनला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने चीनच्या बाजारासाठी बनवलेला एक भारी फोन मागवला. कॅमेरा अप्रतिम, बॅटरी दोन दिवस. इंटरनेट व्यवस्थित, व्हॉट्सअॅप व्यवस्थित. तीन-चार महिने त्याला काही कळलंच नाही. मग बायकोच्या स्कॅनच्या तारखेसाठी हॉस्पिटलमधून फोन येणार होता. त्यांचा नंबर लपवलेला असतो हे आपल्याला माहीत आहेच. तीन वेळा फोन आला, तिन्ही वेळा हा घरात बसलेला, फोन समोर टेबलावर, आणि घंटा वाजलीच नाही. नंतर पत्र आलं : ‘संपर्क होऊ शकला नाही.’ ती तारीख सहा आठवडे पुढे गेली. स्कॅनमध्ये सुदैवाने काही निघालं नाही. पण ते सहा आठवडे त्या घराने कसे काढले ते मी पाहिलं आहे.

असं का झालं? पूर्वी फोनला फोरजीवरून कॉल करता आला नाही तर तो थ्रीजीवर उतरायचा. व्होडाफोन आणि ईई यांनी २०२४ च्या सुरुवातीला इथलं थ्रीजी बंद केलं, थ्री आणि ओटू त्याच वाटेने गेले. आता फोनला फोरजीवरूनच कॉल करता आला पाहिजे. पडद्यावर व्हीओएलटीई असं दिसतं ते हेच. ते जमलं नाही तर फोन थेट टूजीवर जाऊन पडतो, आणि जिथे टूजीचा सिग्नल कच्चा तिथे कॉल लागतच नाही. गोम अशी, की फोनमध्ये सोय असून भागत नाही, नेटवर्क कंपनीने त्या मॉडेलला तशी परवानगी दिलेली असावी लागते. जे मॉडेल इथे अधिकृतपणे विकलंच जात नाही त्याला ती मिळेल याची खात्री नाही. वायफायवरून कॉल करण्याचंही तसंच. लेस्टरच्या जुन्या विटांच्या घरांत, मागच्या खोलीत सिग्नल किती येतो हे वेगळं सांगायला नको. तिथे वायफाय कॉलिंग ही चैन नाही, गरज आहे.

भारतातल्या मंडळींना हे पटकन समजेल, कारण जिओ २०१६ मध्ये आलं ते टूजी-थ्रीजीशिवायच. ज्यांच्याकडे जुना फोन होता त्यांना तेव्हा डेटा मिळायचा आणि साधा कॉल लागायचा नाही. ब्रिटन आता तिथे पोहोचतंय एवढंच.

दुसरी गोष्ट बँडची. इथे ८०० मेगाहर्ट्झचा बँड २० महत्त्वाचा आहे. तो लांबवर जातो आणि भिंतींच्या आतही पोहोचतो. भारतात फोरजीसाठी तो वापरात नाही, त्यामुळे केवळ तिकडच्या बाजारासाठी बनवलेल्या एखाद्या मॉडेलमध्ये तो नसू शकतो. फोन घेण्याआधी नेमका मॉडेल क्रमांक शोधा आणि त्याच्या यादीत बँड २० आहे का ते पाहा. नाव तेच असलं तरी वेगवेगळ्या देशांतल्या फोनचं पोट वेगळं असतं. शिवाय काही कंपन्यांचे फोन ज्या भागासाठी बनवले त्या भागातल्या सिमवरून आधी कॉल केल्याशिवाय दुसऱ्या देशाचं सिम स्वीकारत नाहीत. मुलगा डी माँटफर्ट किंवा लेस्टर विद्यापीठात शिकायला निघणार असेल आणि फोन तिकडूनच घेऊन द्यायचा असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी सीलबंद डबा हातात ठेवू नका. महिनाभर आधी घ्या, भारतीय सिमवर वापरू द्या. डेटा बदलून होतो, बँकेच्या अॅप लागतात, आणि काही बिघाड निघाला तर दुकान जवळ असतं. चार्जरच्या गोल पिना इथल्या तीन चौकोनी भोकांत जाणार नाहीत, तेव्हा एक चांगला अॅडॉप्टरही द्या.

चीनच्या बाजारासाठीच्या फोनबद्दल आणखी एक. त्यांत गूगलच्या सेवा आधीपासून बसवलेल्या नसतात, आणि फोनची भाषा बहुतेक वेळा चिनी किंवा इंग्रजी एवढीच. मराठी कीबोर्ड आपण टाकून घेऊ शकतो, पण बँकेची अॅप आणि दुकानात फोन टेकवून पैसे देणं याबाबत कटकटी निघतात. ज्यांना अशा खटपटींची हौस आहे त्यांनी जरूर कराव्यात. ज्यांना फोन फक्त चालायला हवा आहे त्यांनी लांब राहावं.

मग बाहेरून मागवण्यासारखा फोन नाहीच का? आहे. विवो एक्स२०० प्रो. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात ९४,९९९ रुपयांना आला, इथे अधिकृतपणे मिळत नाही. दूरचं टिपणारा २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ६००० एमएएचची बॅटरी. माझ्या भाच्याकडे तो आहे. गेल्या दिवाळीत बेलग्रेव्ह रोडवरच्या रोषणाईच्या गर्दीत त्याने लांबून काढलेले फोटो पाहून मलाही मोह झाला, ते मान्य करतो. शाळेच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसून स्टेजवरच्या आपल्या पोराचा चेहरा टिपायचा असेल तर असा कॅमेरा लाखमोलाचा. करासकट तो हजार-पस्तीस पौंडांच्या आसपास पडतो, म्हणजे एस२५ अल्ट्रापेक्षा दोनशेने कमी.

पण त्याच्या बाजूला बाकीच्या गोष्टी मांडा. विवो या फोनला चार वेळा नवं अँड्रॉइड आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट देते. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षं कबूल केली आहेत. फोन दोन वर्षांनी बदलणाऱ्याला फरक पडत नाही. माझ्यासारख्या, फोन आपण चार वर्षं वापरून मग आईला देणाऱ्या माणसाला पडतो. अपडेट बंद झालेला फोन, आणि त्यातच आईचं पेन्शनचं खातं, हे मला नको आहे.

काच फुटली तर? बेलग्रेव्ह रोड आणि नारबरो रोडवर फोन दुरुस्तीची दुकानं आहेत. सॅमसंग नेला तर काम लगेच हाती घेतात. इथे न विकल्या जाणाऱ्या मॉडेलची काच मात्र बाहेरून मागवावी लागते. माझ्या नेहमीच्या दुकानातले गुजराती काका अशा फोनकडे बघून नुसते हसतात आणि म्हणतात, ‘ये तो मेहमान है.’

आणि शेवटी हक्क. इथल्या दुकानातून घेतलेल्या फोनला २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. तीस दिवसांत दोष निघाला तर फोन परत करून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत बिघडला तर दोष आधीपासून नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचं, आपण नाही. ऑनलाइन घेतला तर चौदा दिवसांत मत बदलण्याची मुभा. क्रेडिट कार्डाने घेतला तर १९७४ च्या कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० ते ३०,००० पौंडांच्या खरेदीसाठी कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार. भाच्याने पुण्यात यूपीआयने पैसे देऊन घेतलेल्या फोनला यातलं काहीच लागू नाही. वॉरंटी असते, पण ती बहुधा ज्या देशात घेतला त्या देशापुरती. उरलेली शंभर पौंडांची बचत आपण याच्या बदल्यात विकत असतो.

माझं मत सरळ आहे. इथे राहणाऱ्याने, रोज इथलं सिम वापरणाऱ्याने आपला मुख्य फोन इथेच घ्यावा. फोन आधी फोन आहे, कॅमेरा नंतर. सर्जरीचा, शाळेचा आणि मध्यरात्री सांगलीहून येणारा कॉल ज्यावर बिनचूक लागतो तोच चांगला फोन. पैसे वाचवायचे असतील तर त्याचा मार्ग सीमेपलीकडून नाही, कॅलेंडरमधून जातो. नवं मॉडेल आलं की गेल्या वर्षीचं उतरतं. मी शेवटी तेच केलं. सॅमसंगचा एस२४, नवा, इथल्याच दुकानातून, कार्डाने. २०२४ मधला फोन, म्हणजे २०३१ पर्यंत अपडेट. वनप्लसच्या प्रेमात असणाऱ्यांनीही इथेच सवलतीची वाट पाहावी, असं मी म्हणेन.

दुसरा फोन म्हणून, फोटोची हौस म्हणून विवो मागवणाऱ्यांना माझा विरोध नाही. भाचा नेमकं तेच करतो. इथलं सिम जुन्या पिक्सेलमध्ये, फोटो विवोवर. कर भरला, बँड तपासले, बिघडला तर आपली जबाबदारी हे धरून चालला. एवढं करून घेतलेल्या वस्तूचा आनंद घ्यायला कोणाची हरकत असणार?

फक्त मागवण्याआधी तीन गोष्टी करा. व्हॅटसकट पूर्ण किंमत कागदावर मांडा. आपल्या नेटवर्क कंपनीला मॉडेल क्रमांक सांगून फोरजी आणि वायफायवरून कॉल लागतील का ते विचारा. आणि जो कोणी तो फोन आणणार आहे, त्याच्या किंवा तिच्या हातात बिल द्या आणि सांगा, ‘विचारलं तर खरं सांग, कर मी भरतो.’ हे सांगायची तयारी नसेल तर तो फोन आपल्याला परवडत नाही असं समजावं.